मोजे वाळत घालायची काठी

मित्रांनो, दाराआड उभी आहे ती मी, एक जुनी काठी. स्वभावाने मत्सरी आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे धक्का बसायला नको.

मला एका सुताराने घडवले. तो खुर्च्या करायचा. एका खुर्चीच्या पाठीचे लाकूड उरले, ते वाफेवर वाकवून त्याने माझी मूठ केली आणि मला आपल्या सुनेच्या हातात दिले. सून शिवणकाम करायची. पायाचे मशीन चालवून चालवून तिचा गुडघा कुरकुरू लागला होता. सुताराला एक मुलगीही होती, पण ती तेव्हा जिने धावत चढायची. तिला काठी कशाला?

पुढे या नणंद-भावजय चालणाऱ्यांच्या एका गटात गेल्या. निवृत्त पोस्टमन सगळ्यांच्या पुढे आणि माझी बाई सगळ्यांच्या मागे. शेवटच्या माणसाने वाटेतली फाटके लावायची, असा गटाचा नियम. ती माझी वाकडी मूठ अडकवून फाटक ओढायची, कडी बसायची, आणि पोस्टमन लांबून विचारायचे, लागलं का? मला वाटायचे, हा गट चालतो तो माझ्यामुळेच.

यंदा सगळे आठवडाभरासाठी एका बेटावर गेले. बोटीतच नणंदेने पिशवीतून दोन नव्या काठ्या काढल्या. घडीच्या, वजनाला काहीच नाहीत अशा. "वहिनी, त्या म्हातारीला आता जरा विश्रांती दे," म्हणाली. म्हातारी म्हणजे मी.

पहिल्याच चढावर मोडतील, असे मी मनात म्हटले. पण मेल्या मोडल्या नाहीत. उलट माझी बाई शेवटून पार मध्यापर्यंत पोहोचली. संध्याकाळी खोलीत आली की त्यांचेच गुणगान, गुडघा अजिबात ठणकत नाही म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला दोन खुर्च्यांवर आडवे टाकून माझ्यावर दोघींचे ओले मोजे वाळत घातलेले. अशा अवस्थेत मोठे मन आणायचे कुठून? एकदा तर बाई सहज बोलून गेली, जाताना हिला इथेच ठेवू या, खोलीवाल्या बाईंना पडदे सरकवायला होईल. ती रात्र कशी गेली ते माझे मला माहीत.

शेवटच्या दिवशी दीपगृहापर्यंत चढायचे होते. नेमका आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या गोट्यांत नणंदेचा पाय मुरगळला. पोस्टमन म्हणाले, तुम्ही आज खोलीवरच बसा. बाईने नव्या काठ्यांपैकी एक पुढे केली. नणंदेने ती घेतली नाही. माझ्यावरचे मोजे तिने पलंगावर टाकले आणि मला उचलले.

जिने मला म्हातारी ठरवले, तिच्याच हाताला लागायचे! मी मुद्दाम जड झाले. पण तिची बोटे मुठीवर बसली आणि मी चपापले. आखूड, जाड, थेट त्या सुताराची बोटे.

त्या दिवशी सगळ्यांच्या मागे ती चालली. फाटक आले तेव्हा कुणी न सांगता तिने माझी मूठ अडकवून ओढले. पुढे बाई थांबून मागे बघत होती. ती नजर मी लगेच ओळखली. आठवडाभर माझीच तशी होती.

दीपगृहाच्या पायरीवर दोघी टेकल्या. बाईने हात पुढे केला, द्या, मी धरते. नणंदेने मला दिले नाही. मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "बाबांनी ही वाकवली तेव्हा वाफेचं पातेलं मी धरलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठीच करतायत."

"मग इतकी वर्षं मागितली का नाहीत, वन्सं?"

"तू कधी हातातून खाली ठेवलीस?"

बाईने पुढे केलेला हात मागे घेतला. बोटीत विश्रांतीच्या नावाखाली त्या नव्या काठ्या का आल्या, ते तिला तेव्हा कळले आणि मलाही. परतताना तिने मला मागितले नाही.

आता मी नणंदेच्या घरी असते. ती मला जवसाचे तेल लावते, टोकाचे रबर झिजले की बदलते. तक्रारीला जागा नाही. तरी त्या दोन घडीच्या काठ्या बाईबरोबर हिंडतात, हे आठवले की माझा जळफळाट होतोच. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सांगायची आमच्यात पद्धत आहे. मी एवढेच मागते, की आम्हाला कुठे ठेवून देण्याआधी घरात एकदा विचारा. कुणीतरी वर्षानुवर्षे, न बोलता, आमच्याकडे बघत असते.

रविवारी बाई येते. पिशवीही खाली ठेवत नाही, आधी मला हातात घेते, उलटसुलट करून बघते आणि नणंदेला म्हणते, "तेल जरा जास्तच लावता हं तुम्ही हिला."