या वयात नारिंगी

मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, मित्रांनो. टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर मला भिंत म्हणू नका.

गवंड्याने ओळंबा लावून मला सरळ उभी केली आणि त्याच्या बायकोने पाणी मारमारून पक्की केली. आधी चुना लागला, मग निळा, मग पिस्ता. रंग नवा असला की पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. पण नव्याची नवलाई नऊ दिवस. पुढे तेलकट डोकी टेकली, खिळे ठोकले, नातवंडांनी आपली उंची मोजून रेघा मारल्या. फडका मात्र कुणी मारला नाही. तक्रार करत नाही, सांगून ठेवते.

चार वर्षांपूर्वी घरच्या मुलाने मला दुधी रंग दिला. खोली मोठी दिसते म्हणे. दार दुधी, दिव्याची बटणंही दुधी. पुढे त्याचे वडील, आमचे शिंपीबाबा, माझ्यावर तळहात टेकवून चालू लागले. चाळीस वर्षं या माणसाने कापडाला दोरा असा जुळवला की शिवण शोधून सापडू नये. रंगाच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी कमी दिसतं म्हणून कबूल करायचं? त्यापेक्षा बटण शोधत माझं अंग चोळलेलं बरं. दोन वर्षांपूर्वी सुई ठेवून दिली, तेव्हाही हात दुखतो म्हणाले. मला सगळं कळत होतं. पण भिंतीला कान असतात, तोंड नसतं.

यंदा पुन्हा रंग द्यायचं ठरलं. मुलाने रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक बाबांपुढे धरलं. बाबांनी ते खिडकीशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि ऐटीत एका चौकोनावर बोट ठेवलं. जर्द नारिंगी.

सुनेने हळूच विचारलं, "बाबा, नक्की हाच?"

"मला रंग शिकवू नकोस."

विषय संपला. रंगाऱ्याने मला खरवडलं, खिळ्यांच्या भोकांत पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केलं आणि दोन हात मारले. ही खोली आहे की संत्र्यांची पेटी, असं तो हसत हसत विचारत होता. मी लाजेने आणखी नारिंगी झाले. या वयात हे नेसणं! रविवारी पुन्हा दुधी मारून टाकू, असं मुलगा बायकोच्या कानात बोलला. जाताना रंगाऱ्याने सगळ्यांना बजावलं की भिंत ओली आहे, हात लावू नका.

संध्याकाळ झाली. बाबा दारात आले. हात उचलला, पण माझ्यावर टेकवता येईना. आता हा माणूस कसा जाणार, म्हणून माझा जीव टांगणीला. बाबा थबकले. मग तरातरा चालत गेले आणि एका बोटाने दिवा लावला. नारिंगीवर ती दुधी बटणं लख्ख दिसत होती.

सून मागे उभी होती. तिला उमगलं. "बाबा, बटण कधीपासून दिसत नव्हतं?"

बाबांनी बटण एकदा बंद करून पुन्हा लावलं.

"सुईत दोरा ओवायचं सोडलं तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. रविवारी रंगारी दुधी रंगाचा डबा घेऊन आला, सुनेने त्याला तसाच परत पाठवलं. बाबा आता माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, रंग मी निवडला.

तर मित्रांनो, खिळे ठोका, रेघा मारा, मी सोसेन. पण रंग निवडण्याआधी घरात कुणी माझ्या आधाराने चालतं का, तेवढं बघा. त्याला विचारा. तो म्हणेल, मला सगळं दिसतं. मग पुन्हा विचारा.