कलमाच्या खालचं झाड

करवत घेतलेला माळी फाटकात उभा होता आणि मावशी झाडाच्या आळ्यातच फतकल मारून बसली होती. ऊठ म्हटलं तरी उठेना.

"वहिनी, अहो वाट द्या त्याला," आत्याबाई म्हणाल्या.

"वाट मोकळीच आहे. आला तसा जाऊ दे."

झाड होतं जपानी मेपलचं. या घरच्या लेकीच्या आईने स्वतःच्या हाताने अंगणाच्या कोपऱ्यात लावलेलं. लहान मुलाच्या पंज्यासारखी पानं, टोकांना कातरलेली, लालभडक. संध्याकाळचं ऊन त्यातून आलं की समोरची भिंतही लाजल्यासारखी व्हायची. लेक लहान असतानाच आई देवाघरी गेली. पुढे बाबांनी दुसरं लग्न केलं. घरात आलेल्या बाईला लेक पहिल्या दिवसापासून मावशी म्हणाली, आई काही म्हणाली नाही. मावशीनेही ती हाक मागितली नाही. तिने मागितली फक्त झारी.

झाड कलमी होतं. खाली साध्या हिरव्या मेपलचा खुंट, त्यावर बांधलेली लाल जातीची फांदी. खोडावर वीतभर उंचीला एक गाठ होती, तीच त्या दोघांची सोयरीक. अशा झाडाला गाठीखालून हिरवे फुटवे येत राहतात. ते काढले नाहीत तर खुंटच माजतो आणि वरचं लाल उपाशी मरतं. मावशी ते न चुकता काढायची. काढताना भजन गुणगुणायची आणि मध्येच फुटव्याला म्हणायची, "रागावू नकोस रे. तूही त्याचाच, पण सध्या पाळी तुझी नाही."

मग एका वादळात शेजाऱ्यांचं मोठं झाड आडवं झालं आणि मेपलची सावली गेली. दुपारचं ऊन थेट खोडावर. मावशीने काठ्या रोवून त्यांवर जुना पलंगपोस ताणला. "झाडाला मच्छरदाणी का हो?" म्हणून आत्याबाई पोट धरून हसल्या. पलंगपोसाने काही निभावलं नाही. साल तडकली, पानं कडेने करपली आणि या खेपेला पालवीच्या दिवसांत वरच्या फांद्यांवर कोंबाचा एकही डोळा फुटला नाही. फुटला तो गाठीच्या खाली. हिरवा. आणि मावशीने तो काढला नाही.

आत्याबाईंनी ही बातमी लेकीला कळवताना त्यात तिखटमीठ कमी पडू दिलं नाही. लेक दुसऱ्या गावात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती आली ती मांडीवर कुंडी घेऊनच. कुंडीत नवं, लाल मेपल. जुनं उपटायचं, त्याच खड्ड्यात हे लावायचं, असं ठरलं होतं. माळीही आत्याबाईंनीच बोलावला.

"मावशी," लेक आता आळ्याशी येऊन म्हणाली, "तो हिरवा फुटवा तू मुद्दाम ठेवलास?"

"मुद्दाम. डोळे उघडे ठेवून. परत वेळ आली तर परत ठेवीन."

"बघा! स्वतःच्या तोंडाने सांगतेय," आत्याबाई म्हणाल्या.

"दुसऱ्याच्या तोंडाने बोलायची सवय नाही मला."

"आईचं एवढंच उरलं होतं गं," लेकीचा आवाज चढला. "तेही तू..."

"मी मारलं म्हणायचंय? म्हण. पण आधी खाली बस. दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस, आज जरा स्वतःचे वापर."

मावशीने अंगठ्याच्या नखाने गाठीच्या वरची साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं ठाक. मग गाठीच्या खाली खरवडली. ओली, हिरवीगार.

"वर जीव नाही. हा फुटवा काढला असता तर मुळांना एक पान उरलं नसतं, तीही गेली असती. आता मला सांग, तुझ्या आईने खड्डा खणला तेव्हा मातीत काय ठेवलं? लाल पानं? गाणारा पुढे दिसतो, बाळा. मागे धृपद धरणाऱ्यांकडे कोण बघतं? इतकी वर्षं पाणी ओढलं ते या हिरव्याने, तेव्हा ते लाल दिमाखात डोललं."

"पण मला ते लालच हवं होतं!"

"मलाही," मावशी म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा घसरला. "मला काय हौस आहे? पण ते गेलं. गेलेल्याच्या जागी तसंच दिसणारं आणून बसवायचं आणि हे तेच म्हणायचं, ते मला जमायचं नाही. या घरात मी तरी तसं कधी केलं का?"

बाबा मघापासून पायरीवर बसून चप्पल घालत होते, ती काही घालून होईना.

मावशी उठली. माळ्याच्या हातून करवत घेतली, गाठीच्या अगदी वर टेकवली आणि वाळलेलं खोड स्वतः कापलं. दम लागला, पण थांबली नाही. मग ते खोड, फांद्यांसकट, लेकीच्या हातात दिलं.

"हे तुझ्या आईचं. तुझा अधिकार. पण मुळांना हात लावू देणार नाही. तुला नाही, आत्याबाईंना नाही, साक्षात यम आला तरी नाही."

माळ्याने डोकं खाजवलं. "मग मी काय करू, बाई?"

"कुंडी उचला. पूर्वेच्या भिंतीशी खड्डा घ्या. सकाळचं ऊन, दुपारी सावली. त्या लेकराचे हाल नकोत."

लेक खोड छातीशी धरून उभी होती. मग ते भिंतीला टेकवून तिने कुंडीची दुसरी बाजू धरली.

त्यानंतर ती येत राहिली. एकदा नव्या झाडाच्या गाठीखाली हिरवा फुटवा दिसला, तशी कात्री हातात धरून ती अडली.

"मावशी, काढू की ठेवू?"

"वरचं जिवंत आहे ना? मग काढ. मागेपुढे बघू नकोस."

पानगळ आली. आत्याबाई रोज कुंपणापाशी येऊन डोकावायच्या. थंडीत पानं रंग बदलतात, तेव्हा हा हिरवाही लाल होईल आणि सगळ्यांची समजूत पटेल, अशी त्यांची आशा. झाड पिवळंजर्द झालं. हळद फासल्यासारखं. लालाचा टिपूस नाही.

"शेवटी नाहीच झालं ना लाल?" आत्याबाई म्हणाल्या.

मावशी तोंड उघडणार, तोच लेकीने मागून ठणकावलं, "त्याला कुणी सांगितलं होतं व्हायला?"

आणि मावशीच्या हातातली झारी घेऊन ती आळ्याकडे गेली.