मागे फिरलेल्या घारी

बारा वाजून वीस मिनिटांनी मोहोळघारींचा थवा समुद्रावरून मागे फिरला. मामा त्या वेळी मान मागे टाकून डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होता.

थवा पाहिला तो भाचीने. स्थलांतर करणारे पक्षी मोजायला कड्यावरच्या लाकडी माचीवर दोघंच होती. मामा मोजणारा, ती लिहिणारी. तिच्या मते अकरा चाळीसला याच घारी दक्षिणेला गेल्या होत्या, तीनशे बारा. वारा फिरला तशा त्या परत येऊन टेकडीमागे उतरल्या. परत आलेले पक्षी वजा करायचे, हा नियम. पण लिहिणाऱ्याने मोजायचं नाही, बोटही दाखवायचं नाही, हाही नियमच, आणि तो मामानेच घातलेला. एका लिहिणाऱ्याने मागे हौसेने कावळ्याचा गरुड करून ठेवला होता, तेव्हापासून.

भाचीने नजर तक्त्याकडे वळवली.

एक पाचला घारी टेकडीमागून पुन्हा वर आल्या. मामाच्या हातातलं मोजणीयंत्र टकटकू लागलं.

"दोनशे अठ्ठ्याण्णव! लिही गं. आज चांदी आहे आपली."

"मामा, डोळे कसे आहेत?"

"तुझ्याहून बरे. नर्सबाईंना घरी ठेवून येत जा, इथे कारकून लागतो."

तिने आकडा लिहिला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोजणी समितीचं पत्र तिनेच त्याला वाचून दाखवलं होतं: किनाऱ्यावरच्या पुढच्या मोजणीचौकीच्या आकड्याशी यंदा दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर पुढल्या वर्षी मोजायला दुसरा माणूस. एकवीस वर्षं मामा या दोन महिन्यांसाठी उरलेले दहा ढकलत आला होता. गप्प बसावं तर आकडा दुपटीवर जाणार. बोलावं तर तक्त्यावर कारण लिहावं लागणार: मोजणाऱ्याला थवा दिसला नाही.

ती उठली, बसली, टोकदार पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं.

"काय चुळबुळ लावलीयस? मुंग्या चावतायत का?"

"बारा वीसला तू औषध घालत होतास ना, तेव्हा थवा मागे आला."

मामाने दुर्बीण खाली केली. 

"किती?"

"मोजले नाहीत. नियम आहे ना तुझा."

"मग वजा काय करू, डोंबल?"

"बरेच होते, मामा."

"बरेच हा काय आकडा झाला?" त्याने तक्ता ओढून घेतला, पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. "सगळेच असतील?"

"असतील. शपथ नाही घेता येणार."

तेवढ्यात पुढच्या चौकीवरच्या बाईंचा फोन आला. "दादा, तुमच्याकडून किती सोडले? आमच्याकडे रांग संपतच नाहीये."

फोन कानालाच धरून मामाने भाचीकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही.

सगळ्याच मागे फिरल्या असत्या, तर पुढे दोनशे अठ्ठ्याण्णवच पोचायला हव्या होत्या. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत पुढच्या चौकीवर तीनशे चाळीस घारी मोजून झाल्या होत्या, आणि मागून आणखी येत होत्या.