खिशावरचं नाव

“लुवीनिया, पाचच आलीत. आणखी एक तरी चेहरा हवा हो.”

मुख्याध्यापक हॉलवेल ऑफिसच्या दारात अर्धे आत, अर्धे बाहेर उभे होते. काम नडलं की ते असेच उभे राहत. नकार आलाच तर आपण आलोच नव्हतो, असं म्हणायला मोकळे. चेहरा कसला हवा ते त्यांनी सांगितलं नाही. ‘काळा’ हा शब्द त्यांच्या तोंडून अकरा वर्षांत निघाला नव्हता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

लुवीनिया गॅस्किन्सला सांगायची गरजही नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वॉशबर्न विज्ञान शाळेत ती एकोणतीस वर्षं कारकून होती. दर मे महिन्यात माहितीपुस्तिकेसाठी फोटोवाला यायचा, तिच्या खणातली यादी बाहेर निघायची आणि ती माईकवरून नावं पुकारायची. अठराशे मुलांच्या शाळेत काळी मुलं अकरा. तीच अकरा कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, कधी बुद्धिबळाच्या पटामागे. पुस्तिका उघडणाऱ्याला वाटावं, काय ही शाळा, सगळं जग इथे नांदतंय! पोरंही निर्ढावली होती. मघाशीच दहावीतला टेरेल खिडकीशी येऊन म्हणाला होता, “बाई, यंदा मी व्हायोलिन वाजवणार की झाड लावणार? तेवढं सांगा, तसं तोंड करतो.”

“बाकीची कुठायत?” हॉलवेलनी विचारलं.

“दोघं तापानं घरी. चौघं म्हणतात, गेल्या वर्षीचाच फोटो लावा, आम्ही अजून तसेच दिसतो.”

हॉलवेल हसले नाहीत. त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. तिथे लुवीनियाची चौदा वर्षांची नात ब्रिएल पुस्तक वाचत बसली होती. तिच्या शाळेला दुपारनंतर सुट्टी होती, म्हणून आजीजवळ आलेली.

वॉशबर्नचा नववीचा प्रवेश एकाच परीक्षेवर. ऑक्टोबरातले तीन तास, बस्स. ब्रिएल सहा गुणांनी राहिली होती. मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा लुवीनिया हॉलवेलच्या खोलीत गेली होती. काही मागायला नाही, नुसतं सांगायला. ते म्हणाले होते, “परीक्षेला रंग दिसत नाही, लुवीनिया. तेच तर तिचं सौंदर्य आहे.” आणि टेबलावरच्या वाटीतली पेपरमिंटची गोळी पुढे केली होती.

लुवीनिया स्वतः याच शाळेतून १९७९ साली पास झाली होती. त्या तुकडीचा फोटो बॉयलरच्या जिन्याशी लावलाय, जिथे पाहुणे फिरकत नाहीत. त्यात तिसरा हिस्सा चेहरे काळे आहेत. तेव्हा तिच्या वस्तीतल्या शाळेत हुशार पोरांचा वेगळा वर्ग होता. पुढे ज्या शहाण्यांनी तो बंद केला, तेच आता दरवर्षी समिती भरवून ‘ही मुलं येत का नाहीत’ यावर सँडविच खात चर्चा करतात. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. त्यांचे अहवालही लुवीनियाच टाईप करते.

“हिला जरा पाठवा. प्रयोगशाळेत पाच मिनिटांचं काम आहे,” हॉलवेल म्हणाले. “नववीतून पुन्हा परीक्षा देता येते ना? दहावीला चार-पाच जागा असतात. आपण लक्षात ठेवू हं.”

ते काय लक्षात ठेवणार! गुणांना सोडून हेडमास्तरच्या बापालाही कुणाला आत घेता येत नाही, हा नियम लुवीनिया दरवर्षी स्वतःच्या हाताने छापायची. तरीही ती गप्प राहिली. वाटलं, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. आणि दुसरं असं की प्रयोगशाळा म्हटल्यावर ब्रिएलने पुस्तक मिटलं होतं.

“जाऊ का गं आजी? खरी प्रयोगशाळा आहे?”

“जा,” लुवीनिया म्हणाली. हा शब्द तिला पुढे फार दिवस सलत राहिला.

वरच्या मजल्यावर पाच जणांना टेबलाभोवती मांडून ठेवलं होतं. मध्ये चिनी वंशाची विनी क्वोक पांढरा कोट घालून खरंच प्रयोग करत होती. कुणी बोलावलं म्हणून नाही, तिचा तो तासच होता.

“बाळ, तू जरा बाजूला हो,” हॉलवेल तिला म्हणाले. “तुम्ही लोक आपल्याकडे पुष्कळ आहात. आणि तो कोट हिला दे पाहू.”

“सर, माझं द्रावण उकळतंय.”

“ती बघेल.”

दारात उभ्या लुवीनियाच्या अंगाचा तिळपापड झाला. एकीला म्हणे तुम्ही पुष्कळ, दुसरीला म्हणे तुम्ही कमी. आणि मोजणारा कोण, तर ज्याला रंग दिसत नाही तो! पण एकोणतीस वर्षं न बोलण्याची सवय जीभ एका दुपारी सोडत नाही.

विनीने कोट काढला. खिशावर निळ्या दोऱ्याने तिचं नाव भरलेलं होतं. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. देता देता ती ब्रिएलला म्हणाली, “डाव्या खिशात तिळाची वडी आहे, खा हवी तर. तू नवीन आहेस?”

“नाही. मी सहा गुणांनी राहिले.”

विनी म्हणाली, “मी तिसरीपासून दर शनिवार-रविवार क्लासला जातेय. आईनं दोन पाळ्या केल्या त्याच्यासाठी. आणि हे मला म्हणतात, बाजूला हो.”

“मी लायब्ररीतून पुस्तक आणलेलं,” ब्रिएल म्हणाली. “मधली पानंच नव्हती त्यात.”

दोघींना एकदम हसू आलं. फोटोवाला ओरडला, “हां, असंच हसू! पण खिशावरचं नाव दिसतंय. हात ठेव त्यावर.”

ब्रिएलचं हसू गेलं. तिने वळून आजीकडे पाहिलं. आजीने जमिनीकडे पाहिलं. मग पोरीने हात नावावर ठेवला आणि फोटो निघाला.

बसमध्ये ती एकच वाक्य बोलली. “तुला ठाऊक होतं ना, ते काही देणार नाहीत?”

“हो.”

“मग?”

दुसऱ्या दिवशी लुवीनियाने खणातली यादी फाडली. पण त्याने काय होणार, नावं तर पाठ होती.

ऑक्टोबरात परीक्षेच्या दिवशी शाळेबाहेर हजारभर मुलांची रांग कोपऱ्यावरून वळली होती. फाटकावर दोन पुरुष उंचीचा फलक लावला होता. त्यावर ब्रिएल पांढऱ्या कोटात उभी, छातीवर हात. खाली लिहिलं होतं, ‘ही शाळा तुमची आहे.’

लुवीनिया कामावर होती, पायऱ्यांवर. खाली ब्रिएल आली तसा नवा रखवालदार चटकन पुढे झाला.

“ए पोरी, तू इकडून ये. आपल्या मुलांना बाजूचं दार आहे. ही रांग बाहेरच्यांची.”

“मी परीक्षेला आलेय, काका.”

“चेष्टा करतेस होय? मग वर कोण ती?”

“मीच आहे.”

“मग?”

“मी इथली नाही,” ब्रिएल म्हणाली. “रांगेचं शेवटचं टोक कुठंय?”

रखवालदाराने गोंधळून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. लुवीनियाशेजारी उभे हॉलवेल खूश होऊन म्हणाले, “बघा, फोटोनं किती आत्मविश्वास आलाय तिला!”

“तिचं नाव काय, सर?” लुवीनियाने विचारलं.

हॉलवेलनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. या वेळी लुवीनियाने नजर खाली घातली नाही.

ब्रिएल फलकाखालून, अख्ख्या रांगेच्या कडेने चालत गेली. पोरं एकदा वर आणि एकदा तिच्याकडे बघत होती. ती शेवटी जाऊन उभी राहिली, परीक्षेचं प्रवेशपत्र बाहेर काढलं आणि आपलं नाव वर येईल असं हातात धरलं.