पाण्यातल्या झाडांचा लाईनमन

"अवो, मासोळ्या उकडून राह्यल्या! शिजवून खाता का त्याहिले?"

सुभद्राबाईंची हाक मधल्या खोलीतून आली, तसे चंपतराव तोंडातला दातवणाचा तुकडा टाकून धावले. काचेच्या पेटीवर त्यांनी आदल्या दिवशी दोनशे वॅटचा बल्ब टांगला होता. पाण्यात बोट घालून पाहिलं, तर अंघोळीला काढावं इतकं कोमट. चारही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती पाण्यातली झाडं मान टाकून पडली होती.

"शंभराचा कमी पडला म्हणून दोनशेचा लावला," चंपतराव म्हणाले.

"आता पाचशेचा लावा. मंग मीठमसाला मी टाकतो."

बत्तीस वर्षं विजेच्या खात्यात लाईनमन म्हणून काढलेल्या माणसाला दोन फुटांच्या पेटीत उजेड कसा करावा हे कळू नये, याहून मोठी नाचक्की ती कोणती? सुभद्राबाईंच्या माहेरच्या, बेल्याच्या बाजूच्या किती गावांत पहिला बल्ब त्यांच्या हातानं पेटला होता! एका गावात तर बायांनी खांबाला हळदकुंकू लावलं होतं आणि त्या गडबडीत थोडं चंपतरावांनाही लागलं होतं. रिटायर होऊन वर्ष झालं तरी आदिलाबादच्या त्यांच्या गल्लीत कोणाचा फ्यूज उडाला की पोरगं यांच्याच दारात येई. आणि घरातली चार पाती यांच्या उजेडात पिवळी पडत होती.

पेटी लेकीची, कुमुदिनीची होती. बी.एस्सी.ला असताना तिनं ती पैपै साठवून आणली, तळ्याकाठून आणि कुठून कुठून झाडं गोळा केली, आणि ओसरीत ठेवून वाढवली. त्यातलं एक लांब रिबिनीसारख्या पानांचं गवत तिचं फार लाडकं. वैशाखात तिचं लग्न झालं, ती सासरी भैंशाला गेली. जाताना सगळ्या मुली रडतात तशी तीही रडली, पण जीपमध्ये बसता बसता बापाच्या कानात म्हणाली, "बाबा, झाडं जगवजा. मी पोळ्याले येतो."

मृगात ओसरी गळायला लागली आणि पेटी मधल्या खोलीत आली. या खोलीला खिडकी नव्हती. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. तिकडून कुमुदचं पत्र आलं. त्यात सासूबाई बऱ्या आहेत, एवढी एक ओळ. बाकी सगळी चौकशी झाडांची. आईबापांची प्रकृती विचारायला जागाच उरली नव्हती. चंपतरावांनी उत्तर लिहिलं, 'झाडे खुशाल आहेत.' नोकरीत असताना त्यांनी कधी खोटा रिपोर्ट लिहिला नव्हता. तो आता रिटायर झाल्यावर, पोटच्या पोरीला लिहिला, याची त्यांना फार टोचणी लागली होती.

बल्ब उतरवून ते थेट बाजारात, मासे विकणाऱ्या एकुलत्या एका दुकानात गेले.

"पौधे मर रहे हैं," चंपतरावांनी सांगितलं.

"कलर ट्यूब लगाओ साब. मछली हीरो-हिरोईन जैसी दिखती."

"मछली नहीं, पौधे."

"पौधे का क्या है साब? सड़ गए तो पिलास्टिक के डाल दो. धोने का, वापस रखने का."

चंपतरावांना त्याचा राग आला, पण ट्यूब त्यांनी घेतलीच. ती पेटवली तेव्हा मधली खोली गुलाबी-जांभळी झाली. शेजारचे नरसिंगराव पाहायला आले, त्यांच्या मागून त्यांच्या घरच्या बाया आल्या, आणि दोन दिवस सुभद्राबाईंना येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करून द्यावा लागला. मासे खरोखरच नटनट्यांसारखे दिसत होते. झाडं मात्र आणखी काळवंडली.

"लगनाच्या मांडवात सगळे वऱ्हाडी पायतात," सुभद्राबाई म्हणाल्या. "नवरी उपाशी हाय का, हे कोनी पायत नाई."

मग चंपतरावांनी स्वतःचं डोकं चालवलं. झाडं कशात वाढतात? दिवसाच्या उजेडात. दिवसाचा उजेड गुलाबी नसतो, बल्बासारखा पिवळा आणि तापटही नसतो. त्यांनी साधी दोन फुटी पांढरी ट्यूब आणली, पेटीच्या झाकणात बसवली, वर पत्रा ठोकला म्हणजे उजेड छताला न जाता खाली पाण्यात पडेल. हात लावून पाहिलं, पाणी थंड. आठवड्याभरात रिबिनीच्या गवताला मधून एक कोवळं हिरवं टोक आलं. चंपतरावांनी सुभद्राबाईंना कणकेच्या हातानंच ओढत आणून ते दाखवलं.

इथं गोष्ट संपायची. पण गोष्ट चंपतरावांची होती.

नवं टोक आलं त्याच्या दहाव्या दिवशी काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. पुसला, पुन्हा चढला. पानांवर बसला, दगडांवर बसला, पाणी पालकाच्या वरणासारखं दिसायला लागलं. मासे त्यात असावेत असा अंदाज करून त्यांना खायला टाकावं लागे. पोळ्याला उरले होते चोवीस दिवस. चंपतराव पेटीसमोर स्टूल टाकून हताश बसले.

"कुमुदले काय तोंड दाखवू वं?" ते म्हणाले. "एवढं एकच सांगून गेली पोरगी."

सुभद्राबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी वर पेटलेल्या ट्यूबकडे पाहिलं.

"हे बंद कवा करता तुमी?"

"काय?"

"लाईट. म्या तर बंद पायलाच नाई. झोपतो तवा चालू, उठतो तवा चालू."

चंपतरावांनी चमकून बायकोकडे पाहिलं. लाईट बंद करायचा? आपल्या हातानं? बत्तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट ऐकली होती. लाईट गेली की पहिली शिवी लाईनमनला. भर पावसात, जेवणाच्या ताटावरून, सख्ख्या मेव्हण्याच्या हळदीतून त्यांना लोकांनी उठवून खांबावर चढवलं होतं. पेटता दिवा दिसला की त्यांचा जीव थंड होई, विझलेला दिसला की पाय आपोआप खांबाकडे वळत. पेटीची ट्यूब एकदा पेटली ती पेटलीच. उलट, लाईट गेली तर म्हणून त्यांनी जुन्या बॅटरीची सोयही करून ठेवली होती. अखंड पुरवठा!

"आमच्या बेल्याले दिवे लागल्यावर तुळशीले हात लावू देत नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "झाडं निजतात म्हने माय. अन् तुमी या बिचाऱ्याहिले महिना झाला जागवून राह्यले. मानूस असता तर पिवळा पडून मेला असता."

"पन ते शेवाळं तर वाढून राह्यलं."

"ते रिकामटेकडं. त्याले कायची झोप? जागल असली की वाढतेच."

चंपतराव उठले, पण बटणापाशी जाऊन उभेच राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू आता कोणीतरी गल्लीतून ओरडेल. मग डोळे मिटून बटण दाबलं. कोणी ओरडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर कागद लागला: सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आठाला ते ट्यूब लावत, सहाला "सप्लाय बंद!" असं मोठ्यानं सांगून विझवत. अर्धं पाणी बदललं, काच खरवडली. हळूहळू हिरवा थर विरळ झाला, पाणी निवळलं. रिबिनीच्या गवताला बाजूनं एक पिल्लू फुटलं, मग त्या पिल्लाला दुसरं. चंपतराव रोज पिल्लं मोजत, आणि आकडा वाढला नसला तर पुन्हा मोजत.

पोळ्याला कुमुदिनी नवऱ्याला, व्यंकटेशला, घेऊन आली. तिनं आईला मिठी मारली, बापाच्या पाया पडली, आणि तडक मधल्या खोलीत गेली. काचेला नाक लावून ती उभी राहिली. आत जंगल माजलं होतं. एक मासा पानं बाजूला सारत बाहेर आला आणि पाहुणे पाहून परत आत गेला.

"बाबा," ती म्हणाली, "माह्या हातून तर इतके कदी झाले नाई."

चंपतरावांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना कुमुदनं विषय काढला. व्यंकटेशला क्वार्टर मिळालं होतं, समोरच्या खोलीत टेबलही होतं. "बाबा, पेटी घेऊन जाऊ?"

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चंपतरावांनी घास गिळला. पेटी तिचीच होती, हे त्यांना माहीत होतं. पण तीन महिन्यांत ते कसं कोण जाणे मागे पडलं होतं. वस्तू इतकी चांगली जोपासावी की ती न्यायच्या लायकीची व्हावी, हे वैशाखानंतर त्यांच्या हातून दुसऱ्यांदा घडत होतं.

"ने ना," ते म्हणाले. "पन लाईट मी सोता लावून देतो. जावईबापूले जमाचं नाई ते."

भैंशाच्या बसमध्ये रिकामी पेटी जावयाच्या मांडीवर होती, झाडं आणि मासे दुधाच्या कॅनमध्ये, आणि ट्यूब धोतरात गुंडाळून चंपतरावांच्या खांद्याशी उभी. कंडक्टर तेलुगूत म्हणाला, "पेद्दायना, पैन पेट्टु," म्हणजे आजोबा, ती वर ठेवा. चंपतरावांनी वरच्या फळीकडे पाहिलं, तिथे कोणाचं तरी तेलाचं डबडं डुगडुगत होतं. त्यांनी मान हलवली. ट्यूब खांद्याशीच राहिली.

क्वार्टरमध्ये दुपारभर त्यांनी वायर ओढली, चोक बसवला, पत्रा ठोकला. लाईनमन आला आहे हे कळल्यावर शेजारच्या दोन पंख्यांचंही काम निघालं. सगळं झालं तेव्हा सहा वाजत आले होते आणि परतीची शेवटची बस साडेसहाची होती.

"बाबा, तुमीच बंद करा आज," कुमुद म्हणाली.

"नाई. आता तुया हातचं."

तिनं बटण दाबलं. पेटीतलं हिरवं काळं झालं.

"मामाजी, बसस्टँडवर सोडतो ना मी, स्कूटर..." व्यंकटेश मोठ्यानं बोलू लागला, तोच चंपतरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पेटीकडे खूण केली.

मग ते वळले. डोळे भरून आले होते, ते पोरीला दिसू नयेत म्हणून दाराशी खाली वाकले, दोन्ही चपला हातात उचलल्या आणि चवड्यांवर चालत, आवाज न करता, अनवाणी पायऱ्या उतरून गेले.