चाकं आत घेऊन

विमान माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी मैदानावर दोन-तीनशे माणसं होती आणि त्यांतल्या फक्त दोघांना हे माहीत होतं. दोघेही मिठाची गुळणी धरून उभे राहिले. त्यांतला एक मी.

मी ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षं दारं-खिडक्यांच्या कारखान्यात बोर्डावर वाकून काढली. माझा धाकटा भाऊ वैमानिक. शिकाऊ वैमानिकांच्या जेट विमानावर त्याने अकरा वर्षं शिकवलं. घरीदारी सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, आमची आईसुद्धा म्हणायची. मला तिने कधी ड्राफ्ट्समन म्हटलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी त्याच्याच विमानाची प्रतिकृती करायला घेतली, खऱ्याच्या एक पंचमांश मापाची, रेडिओवर उडणारी. फोटो त्याचे, बाकी सगळं माझं. आराखडा काढला, प्लायवूडच्या चौकटी कापल्या, त्यांवर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, वरून फायबरग्लासचं कवच आणि पोटात रॉकेलवर चालणारं बरणीएवढं टर्बाइन. खऱ्या विमानाच्या अंगावर जिथे जिथे पत्रे जोडणारे रिव्हेट, तिथे तिथे माझ्याही. एकेक रिव्हेट म्हणजे इंजेक्शनच्या सुईतून सोडलेला पांढऱ्या डिंकाचा थेंब. असे अकरा हजार चारशे.

पाच हजारांच्या आसपास असताना उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. मग मी मनगट वाळूच्या पिशवीवर ठेवायला लागलो. थरथर क्षणभर थांबते, तेवढ्यात एक थेंब सोडायचा. पुन्हा वाट पाहायची. उरलेले सहा हजार असे झाले.

कॅप्टन रविवारी यायचा. स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि चुका काढायचा. अँटेना बोटभर पुढे हवा, शिडीची कडी डावीकडे हवी. खरं सांगायचं तर त्याचं बरोबर असायचं, म्हणूनच जास्त राग यायचा.

विमान तयार झालं तेव्हा अशा प्रतिकृतींची स्पर्धा दोन महिन्यांवर होती. नियम असा की, उडवणाऱ्यानेच ते बनवलेलं असलं पाहिजे आणि तसं सहीनिशी लिहून द्यायचं. माझ्या हातांत रिमोट देणं म्हणजे विमान सरळ भिंतीवर आपटण्यासारखं होतं. कॅप्टन म्हणाला, कागदावर माझं नाव टाकू, घरातल्या घरात तर आहे. ते विमान कुणातरी जाणकाराने भिंग लावून बघावं, असं मला वाटत होतं. मी हो म्हणालो.

बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, "अहो, शाळेत भाऊजींचे नकाशे तुम्ही काढायचात आणि शाबासकी ते घ्यायचे. तुम्हीच सांगितलंत ना मला? साठी उलटली तरी तेच?"

मी तिच्यावर खेकसलो. ती खरं बोलते तेव्हाच मी खेकसतो.

स्पर्धेच्या सकाळी विमान टेबलावर ठेवलं. मुख्य परीक्षक म्हणजे जाड चष्म्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. भिंग घेऊन ते शेपटीपासून नाकापर्यंत सरकत गेले, आणि माझा श्वास त्यांच्याबरोबर सरकत गेला. रिव्हेट कसे केलेत, त्यांनी विचारलं. कॅप्टनने सुई सांगितली, डिंक सांगितला. मग म्हणाला, मनगट वाळूच्या पिशवीवर ठेवायचं, म्हणजे हात हलत नाही.

ती पिशवीही त्याने घेतली.

परीक्षकांनी माझ्याकडे बघून हे कोण, असं विचारलं. "माझे मोठे भाऊ," कॅप्टन म्हणाला, "हौसेने येतात बरोबर. सामान उचलायला मदत होते." परीक्षक हसून पुढे गेले. मी खरोखरच हातात हत्यारांची पेटी धरून उभा होतो, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

आता पुढचं नीट ऐका. या विमानाचं पुढचं चाक मिटताना मागे जातं. चाक मागे गेलं की वजन मागे सरकतं. म्हणून तोल बघायचा तो चाकं आत घेऊन. चाकं बाहेर असताना पंखांखाली बोटं लावून उचललं तर नाक थोडं खाली झुकणारच. तसं झुकावं म्हणूनच मी नाकात शिसं भरलं होतं. कॅप्टनने आयुष्यभर खरी विमानं उडवली, पण त्यांचा तोल कुणीतरी दुसऱ्याने करून ठेवलेला असायचा. त्याने विमान गवतावर जसं उभं होतं तसंच उचलून पाहिलं, नाक जड वाटलं, आणि शिशाच्या दोन पट्ट्या काढून ठेवल्या.

त्या पट्ट्या मला पेटीच्या झाकणावर दिसल्या. टर्बाइन अजून सुरू व्हायचं होतं. मी त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "दादा, जरा मागे थांब. या रेषेच्या पुढे उडवणारेच उभे राहतात."

मी मागे जाऊन थांबलो. तेवढ्यावरून गप्प बसलो का? हो, बसलो. त्याची फजिती व्हावी असं वाटलं. विमान माझं आहे, हे तेवढ्या वेळापुरतं मीही विसरलो.

उड्डाण देखणं झालं. लोकांनी माना वर केल्या. मग चाकं आत गेली, नाक वर उठलं, आणखी वर उठलं. कॅप्टनने करता येईल ते सगळं केलं. विमान एका पंखावर कलंडलं आणि गिरक्या घेत कुंपणापलीकडे पडलं. आवाज फार मोठा झाला नाही.

मी पोचलो तेव्हा लोक कॅप्टनभोवती जमून त्याला धीर देत होते. परीक्षक वाकून तुकडे बघत होते. त्यांनी नाकाजवळची एक चौकट उचलली. तिच्यावर पेन्सिलीने, ड्राफ्ट्समनच्या सुट्या उभ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं: "तोल चाकं आत घेऊनच पाहावा. शिसं काढू नये." मग चष्मा वर करून म्हणाले, "कॅप्टन, स्वतः लिहून ठेवलंत आणि स्वतःच विसरलात?"

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. हे अक्षर दादाचं आहे, एवढं जरी तो म्हणाला असता तर मी विमान सोडून दिलं असतं. शाळेतले नकाशेही सोडून दिले असते.

"विसरलो," तो म्हणाला. "वय झालं आता."

परीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांची मेहनत हो, म्हणाले. मग चौकट माझ्यापुढे धरून हे सगळं पोत्यात भरून घ्यायला सांगितलं, भावाला आत्ता त्रास देऊ नका म्हणाले. मी ती घेतली. माझा हात नेहमीसारखाच थरथरत होता. ते त्यांच्या लक्षात आलं.

"तुमचाही जीव होता वाटतं त्याच्यावर," ते म्हणाले.

मी हो म्हणालो, आणि तुकडे गोळा करायला लागलो.