पत्र्याच्या खोलीतल्या आठ बाटल्या

राजकन्या चहाचा डबा काढायला फडताळाकडे वळली, म्हणूनच वाचली. मागं असा काही आवाज झाला, की तिला वाटलं सिलिंडरच गेलं. वळून बघते तर ओट्यावरची बाटली जागेवर नव्हती. भिंतीवरून आंब्याच्या रंगाचा फेस ओघळत होता. ती आत्ता जिथं उभी होती तिथंच, बरोबर गळ्याच्या उंचीवर, खिडकीच्या लाकडी चौकटीत बोटभर लांब काच रुतली होती.

अशाच आठ बाटल्या कालपासून नायगावला होत्या.

कोंबुचाचा नाद तिला वर्षभरापूर्वी लागला. लातूरच्या अंजूनं, कॉलेजातल्या मैत्रिणीनं, सायीसारखा जाडसर पांढरट थर डब्यात घालून दिला होता. साखर घातलेल्या गार चहात तो थर सोडायचा, वर फडकं बांधायचं. आठ-दहा दिवसांत चहा आंबट होतो. मग फळाचा रस घालून बाटलीत बंद केला, की सोड्यासारखा फसफसायला लागतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या तिच्या शेजारणी नाक मुरडायच्या. नवरा सुदाम तर म्हणाला होता, "घरात दारू गाळून राहिलीस का?" बाजू घेतली ती एकट्या सासूनं. रुक्मिणबाईंनी घोटभर पिऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आंबट हाय, पन लई झकास हाय. मला रोज पेलाभर देत जा."

रुक्मिणबाईंच्या भावानं, अर्जुनरावांनी, नायगावात नवं घर बांधलं होतं. उद्या वास्तुशांत. "माझ्या सुनंच्या हातचं पाजते साऱ्यांना," म्हणत सासूबाई काल बाटल्यांचं कॅरेट घेऊन पुढं गेल्या. राजकन्या आणि सुदाम उद्या पहाटे निघणार होते.

अंजूनं दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. बाटल्या जाड काचेच्या, गोल घे. आणि उन्हाळ्यात रोज झाकण उघडून वायू सोड, नाहीतर फ्रिजमध्ये ठेव. राजकन्येनं चौकोनी, पातळ काचेच्या नक्षीदार बाटल्या घेतल्या, कारण त्या दिसायला देखण्या होत्या. आणि चार दिवस एकही झाकण उघडलं नाही, कारण नायगावात सगळ्यांदेखत फेस उसळावा असं तिला वाटत होतं. "तिथं गेल्या गेल्या फ्रिजात ठेवा," एवढं मात्र तिनं सासूला सांगितलं होतं.

तिनं सासूला फोन लावला. बंद. अर्जुनरावांना लावला, दोनदा नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलीनं, सृष्टीनं, उचलला.

"सृष्टी, बाटल्या कुठं ठेवल्यात?"

"आत्यानं आनलेल्या? मागच्या पत्र्याच्या खोलीत हायत की, वहिनी. फ्रिज दह्यादुधानं गच्च भरलाय. आत्या म्हनली, पोरंटोरं हात लावतील, माझ्या खाटंखालीच ठिवते."

"आई कुठंयत?"

"तिथंच निजलीय आत्या. सकाळधरनं लाइट न्हाई, कूलर बंद हाय, तरी म्हनली—"

"सृष्टी, नीट ऐक. त्यांना आधी उठव आन् त्या खोलीत—"

फोन तुटला. पुन्हा लावला तर बंद. चार्जिंग संपलं असणार. सुदाम धरणावरच्या पंपहाउसात ड्यूटीला होता. आत फोन न्यायची परवानगी नव्हती.

घड्याळात पाऊण वाजला होता. राजकन्या स्कूटीची किल्ली हातात घेऊन दारात क्षणभर थांबली. काही झालंच नाही तर? पन्नास किलोमीटर उन्हात जाऊन ओरडा करायचा आणि बाटल्या मुकाट जागेवर असल्या तर सगळं घर हसेल. दारूवाली सून आली म्हणतील. मग तिच्या डोळ्यांसमोर लोखंडी खाट आली. खाटेवर सासू, खाली आठ बाटल्या, वर तापलेले पत्रे. तिनं हेल्मेट घातलं.

नांदेड ओलांडेपर्यंतच तिचा जीव अर्धा झाला. सिग्नलला, पुलावर, ट्रकच्या मागं, जिथं थांबावं लागलं तिथं ती फोन लावून बघत होती. गावाबाहेर पडल्यावर तिनं स्कूटी कधी नव्हे ती सत्तरवर नेली. उन्हाच्या झळांनी डोळे चुरचुरत होते. कहाळ्याजवळ पाणी प्यायला थांबावंसं वाटलं, थांबली नाही. सासूबाई दुपारी निजताना कानाचं मशीन काढून उशाखाली ठेवतात, हे तिला कृष्णूरच्या पुढं आठवलं. मशीन काढलं, की त्यांना ढगाचा गडगडाटही ऐकू येत नसे.

नव्या घरापुढं मांडव घालणं चाललं होतं. अर्जुनरावांची बायको, तारामती, दारात तोरणं ओवत बसली होती.

"अगं, उद्या येनार हुतात ना? अशी घामाघूम—"

"मामी, पत्र्याची खोली कुठंय?"

तारामतीनं परसाकडे बोट दाखवलं. राजकन्या पळाली. मागून सृष्टी आली. खोलीचं दार आतून कडी लावून बंद होतं. दार हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. शेजारच्या खिडकीच्या गजांतून राजकन्येनं आत बघितलं. रुक्मिणबाई कुशीवर झोपल्या होत्या. एक हात खाटेखाली लोंबकळत होता, कॅरेटपासून वीतभर अंतरावर. कॅरेटमधल्या आठही बाटल्या धड होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्याशी बारीक बुडबुडे झरझर वर चढत होते.

"आई! ओ आई!"

त्यांना काहीच ऐकू गेलं नाही.

"दार तोडू का? पप्पांना बोलावते," सृष्टी म्हणाली.

"नको. धक्का लागला तर फुटतील. जळमटं काढायची काठी आण लांबडी. आन् इथल्या साऱ्यांना लांब कर."

सृष्टीनं काठी आणली. राजकन्येनं ती गजांतून आत सरकवून सासूच्या खांद्याला हळूच टोचली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रुक्मिणबाई दचकून उठल्या. खिडकीत हेल्मेट घातलेलं डोकं बघून आधी घाबरल्या, मग त्यांनी सुनेला ओळखलं आणि त्यांचा चेहराच उतरला. नांदेडहून सून भर दुपारी, न सांगता, एकटी आली होती.

"सुदामला काय झालं?"

राजकन्येनं जोरजोरात मान हलवली. पाय वर ठेवा, खाली उतरू नका, असं ती हातानं खुणावत राहिली. पण रुक्मिणबाईंना त्या खुणांत भलतंच दिसलं. "माझा सुदाम!" म्हणत त्यांनी दोन्ही पाय खाली सोडले. टाच कॅरेटला लागली. बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या.

काही झालं नाही. रुक्मिणबाई लटपटत दाराशी आल्या, त्यांनी कडी काढली आणि राजकन्येनं दार ओढून त्यांचा हात धरला, त्याच वेळी मागं पहिली बाटली फुटली. लगेच दुसरी. काचा पत्र्यावर खणखणत आदळल्या. राजकन्येनं सासूला सगळ्या अंगानिशी बाहेर खेचलं आणि दोघी परसातल्या मातीत पडल्या. रुक्मिणबाईंच्या पोटरीतून रक्ताची धार लागली होती.

"सुदाम बरा हाय, आई. सुदामला काय झालं न्हाई," राजकन्या त्यांच्या कानाशी ओरडत होती.

आवाजानं अर्जुनराव धावत आले. बहिणीचं रक्त बघून ते खोलीकडेच निघाले. राजकन्येनं त्यांना आडवा हात घातला. "मामा, आत जाऊ नका. अजून सहा हायत."

"सहा काय?"

"बाटल्या. मी पाठवलेल्या."

तारामतीनं रुक्मिणबाईंच्या पायाला फडकं घट्ट बांधलं, तसं रक्त थांबलं. राजकन्येनं दोन जाड गोधड्या हौदात बुडवल्या. हेल्मेटची काच खाली ओढली, अंगात सृष्टीच्या भावाचं जाड जॅकेट चढवलं आणि ती वाकून आत शिरली. गोधड्या पाण्यानं इतक्या जड झाल्या होत्या, की दोन्ही हातांनी कवटाळून न्याव्या लागल्या. पहिली गोधडी कॅरेटवर पडताच आत धप्प असा आवाज झाला आणि गोधडी हातभर उचलली गेली. तिनं दुसरी वर टाकली आणि मागच्या मागं बाहेर आली.

मग तासभर कुणालाही आत जाऊ दिलं नाही. दाराबाहेरून बादलीबादली गार पाणी गोधड्यांवर मारत राहिली. तासानंतर एकटीच आत गेली आणि गोधडीखाली हात घालून एकेक झाकण उघडलं. पाच बाटल्यांचा फेस जमिनीवरून दाराबाहेर वाहिला. सगळ्या खोलीत आंब्याचा आणि आंबट शिरक्याचा वास कोंदला होता.

ती बाहेर आल्यावर अर्जुनराव म्हणाले, "घरभरणीला बाँब धाडलास की गं पोरी!" त्यांचा आवाज चिरकला होता.

दवाखान्यात रुक्मिणबाईंच्या पोटरीला चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?"

"बाटली पडून फुटली," अर्जुनराव घाईनं म्हणाले. घरचं घरात राहावं, असं त्यांना वाटत असावं.

"पडली न्हाई," राजकन्या म्हणाली. "मी घरी पेय बनवून बाटल्यांत भरलं होतं. वायू सोडायचा असतो, ते मला माहीत होतं. सोडला न्हाई. त्यानं फुटल्या."

डॉक्टर लिहायला लागले. अर्जुनराव उठून बाहेर गेले. सुनेनं उशाखालून आणलेलं मशीन सासूच्या कानात बसवून दिलं. रुक्मिणबाईंनी पायाच्या पट्टीवरून हात फिरवला.

"तू आली नसतीस तर मी खाटंवरच मेले असते," त्या म्हणाल्या.

"मी पाठवल्या नसत्या तर काहीच झालं नसतं, आई."

"दोन्ही खरं हाय," त्या म्हणाल्या.

नर्स धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आली तशा त्या मागं सरकल्या. टाके घालताना हूं की चूं न केलेल्या बाईनं आता सुनेचं मनगट घट्ट पकडलं. राजकन्येच्या तळव्याला गोधडीखालच्या काचेनं ओरखडा पडला होता, तो चुरचुरला. तिनं हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. पंगतीत मठ्ठा वाढला. अर्जुनराव दिवसभर राजकन्येशी बोलले नाहीत. संध्याकाळी सुदाम गाडीत आईला बसवत होता, तेव्हा मात्र ते स्वतः रिकामं कॅरेट घेऊन आले. धुऊन, पुसून आणलं होतं. ते त्यांनी डिकीत ठेवलं आणि झाकण हलकेच, अगदी आवाज न करता, लावलं.